चावून तपासलेला बेस

गिटार वाजवणारे मी पुष्कळ पाहिले. गिटार फोडणारे दोन पाहिले, त्यातला एक माझा मेव्हणा. पण गिटार चावणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आला.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, सोफ्याच्या कारखान्याला पाठ लावून आणि जीन्स शिवणाऱ्यांना खेटून त्यांचा गाळा आहे. दारावर पाटी नाही. शेजारी विचारलं, तर मशीनवरून मान न उचलता कुणीतरी सांगतं, "वो गिटार खानेवाले अंकल? बाजूवाला." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा उल्हासनगरी विनोद असेल. आत डोकावलो. साठी उलटलेला एक सडपातळ माणूस स्टुलावर बसला होता. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक लांबलचक बेस गिटार उभी धरलेली, डोळे मिटलेले, डावा हात तारेवर, उजवा हात तार छेडतोय, आणि वरचे पुढचे दोन दात गिटारच्या माथ्यावर घट्ट रोवलेले. उसाच्या कांडक्याला लावतात तसे. उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलत होता. एक, दोन, तीन, चार...

मी उभाच. अंगठा थांबला. दात निघाले. "दहा," ते म्हणाले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोललो, "मस्त!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खडूने, पण छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : येथे मस्त म्हणू नये.

"मस्त हे माप आहे का?" ते ओरडून म्हणाले. ते नेहमीच ओरडून बोलत. "किती मस्त? कुठे मस्त? कधीपर्यंत मस्त? आकडा असेल तर बोला."

आकडा नव्हता. मी पोफळीसारखा उभा राहिलो. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणतो आणि ते मला अरे-तुरे करतात.

काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात गेली. हुद्दा तपासनीसाचा. दुसऱ्यांनी बनवलेला प्रत्येक भाग मोजायचा, जमला तर कार्डावर सही, नाही तर लाल फुली. बसायची जागा प्रेसच्या शेजारी. ती यंत्रं दिवसभर लोखंड ठोकायची, आणि लोखंडाबरोबर काकांचे कानही. निवृत्त झाले तेव्हा डावा कान संपला होता, लोकांचं बोलणं ते ओठांवरून वाचत आणि उजव्याला फक्त काकू ऐकू यायच्या. "कारण तिची पट्टी वरची," काका म्हणत. काकू तिथेच बसून म्हणत, "आणि सोयीचं तेवढंच ऐकू येतं, तेही सांगा."

मग हे गिटारचं कुठून आलं? तर जिन्यावरून. त्यांच्या मजल्यावरचं एक कुटुंब घर बदलत होतं, काका मदतीला. दोन्ही हातांत पेट्या, म्हणून कुणीतरी त्यांच्या काखेत गिटार खुपसली. ती घसरू नये म्हणून काकांनी हनुवटी तिच्या माथ्यावर दाबली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला जाड तार घासली, आणि काकांच्या शब्दांत, "कवटीत कुणीतरी दिवा लावला." कित्येक वर्षांत न ऐकलेला खर्ज हनुवटीतून चढून थेट डोक्यात शिरला. कानांना न विचारता. पेट्या तिथेच ठेवून काका पायरीवर बसले. खालून लोक "चला, चला" करतायत आणि हे तारा छेडतायत. हनुवटीपेक्षा दातांनी जास्त कळतं, हा शोध पुढच्या पाच मिनिटांतला. त्या कुटुंबाचा टेम्पो त्या दिवशी तासभर उशिरा निघाला.

आता माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. बेस म्हणजे गिटारच्या घरातला थोरला भाऊ. तारा चार, जाडजूड, मान लांब, आवाज खालचा. गाण्यात तो आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. नसला की मात्र घरातला पंखा बंद झाल्यासारखं सगळे वर बघतात. मी गेली पंचवीस वर्षं बदलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात तो वाजवतो. फोटोत मी नेहमी ढोलकीवाल्याच्या मागे असतो. तेव्हा बेससाठी जीव टाकणारा, तोही बहिरा माणूस भेटला, म्हटल्यावर मी त्यांच्या पायाशी बसलो नसतो तरच नवल.

काकांना एकही गाणं वाजवता येत नाही. येऊही नये, असं त्यांचं मत. "गाणं आलं की माणूस लाड करतो. मला फक्त मोजायचंय." ते बेस बनवत, तेही दुकानात कधी मिळणार नाहीत असे. लाकूड विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. प्रत्येक लाकडाला आधीचा जन्म हवा. कुणाच्या आत्याचा पलंग, कल्याणच्या पाडलेल्या घराची खिडकी, शाळेचा बाक. बाकाच्या बेसवर करकटकाने कोरलेलं एक बदामाचं चित्र आणि दोन अक्षरं त्यांनी तशीच ठेवली होती. खिडकीच्या बेसला कडीही होती, आणि ती लागायची.

गिऱ्हाइकाला कुठलं लाकूड, हे ठरवायची पद्धत तर अशी : गिऱ्हाइकाने पाठ करून उभं राहायचं आणि जमेल तितक्या खालच्या आवाजात हुंकार द्यायचा. काका पाठीवर तळहात ठेवत आणि निकाल सांगत. लच्छूभाईंना सांगितलं, "साग." माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ थांबले. मला वाटलं शिसव म्हणणार. म्हणाले, "फणस."

"फणस?"

"फणस. मऊ आहेस. पण पिकलास की आवाज येईल."

लच्छूभाई इतके हसले की त्यांना सोफेवाल्यांकडून पाणी आणावं लागलं.

लच्छूभाई म्हणजे कॅम्प चारमधलेच पडद्यांच्या कापडाचे व्यापारी. वजन भरपूर, मन त्याहून. बेस वाजवता येत नाही, तरी घरात सात. "अरे साईं, बजाना किसको है? मला बघायचाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांचा आठवा बेस काकांनी बनवला, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. लच्छूभाईंच्या वडिलांनी सिंधमधून इथे आल्यावर पहिलं दुकान टाकलं, त्याचा सागाचा गल्ला-काउंटर माळ्यावर पडून होता. कापड मोजायला त्याच्या कडेला पितळेची पट्टी ठोकलेली. काकांनी काउंटरचा बेस केला आणि ती पट्टी काढून मानेच्या कडेला, मापाच्या खुणांसकट, बसवली. झालेला बेस हातात आला तेव्हा लच्छूभाईंनी वाजवला नाही. पट्टीवर अंगठा ठेवला आणि वडील कापड मोजताना सरकवत तसा सरकवला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "बाबा आखरी में दो उंगली जादा देते थे." आणि बाहेर जाऊन उभे राहिले. काका मला ओरडून म्हणाले, "याला काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." "काही नाही हे माप नाही," काका म्हणाले, पण यावेळी हळू.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमचं मंडळ भरतं. खर्ज मंडळ. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, काकूंचे पोहे आहेत. जमिनीवर चादरी अंथरून सगळ्यांनी आपापले बेस पालथे ठेवायचे. पालथे अशासाठी, की काकांच्या मते वाद्याची पाठ आधी बघावी. पुढून सगळेच नटून येतात. आणि दाराशी चपलांबरोबर कमरेचे पट्टेही काढून ठेवायचे, कारण बक्कल लागून पाठीला चरा पडतो. त्यामुळे मंडळाची सभा म्हणजे एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हाताने चष्मा सावरत, "अहाहा, काय रेषा आहेत!" करत चादरीभोवती फिरणारे पाच-सहा पोक्त पुरुष. मुलगी बघायला आलेली माणसं बरी, ती निदान पट्टे घालून येतात.

अशाच एका सभेत डॉक्टरबाई आल्या. बदलापूरला त्यांचा दातांचा दवाखाना. पाच तारांचा बेस वाजवतात, आणि माझ्यापेक्षा बराच चांगला. हे मी लिहितोय खरा, पण मंडळात कबूल केलेलं नाही. काकांचं नाव ऐकून त्या कौतुकाने गाळ्यावर आल्या. दारात बघतात तो काय, चार पुरुष पँटा धरून उभे आणि पाचवा लाकूड चावतोय. दुसरी बाई असती तर माघारी फिरली असती. यांनी पर्स खाली ठेवली, काकांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

काकांना ऐकू गेलं नाही. बाईंनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. काकांनीही उघडलं. बाईंनी मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं.

"किती वर्षं चावताय?"

"आठ."

"आणि पॉलिश?"

"तपासणी झाल्यावर करतो. मी काय वेडा आहे का?"

"माझ्या आमटीत मीठ कमी म्हणतात," काकू मागून म्हणाल्या, "आणि इकडे सागवान चाखतात."

काकांनी बनवलेल्या प्रत्येक बेसच्या माथ्यावर दोन बारीक खळगे असत. दोन दातांचे. तीच त्यांची सही. लच्छूभाई पाहुण्यांना ते खळगे भिंगातून दाखवत. प्रत्येक बेसबरोबर एक कार्डही मिळे, कारखान्यातल्यासारखं : कुठली तार, मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं कितवं घर, सूर किती आकडे जगला. काका प्रत्येक सूर छेडून दातांनी धरत आणि तो विझेपर्यंत अंगठ्याने मोजत. दहा आकडे जगला तर पास. एखाद्या लाकडाला खोड असते. त्यात एखाद्या जागी सूर लागतो आणि लगेच मरतो, लाकूडच तो गिळून टाकतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या बेसमध्येही अशी मेलेली जागा सापडते, लोक चालवून घेतात. काका चालवून घेत नसत. मान खोलून पुन्हा तासत. एक बेस त्यांनी चार वेळा खोलला होता. "लाकूड खोटं बोलत नाही," ते म्हणत. "खोटं बोलतो तो वाजवणारा."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या तर घशात अडकलेलं आहे.

माझ्या फणसाची कथा सुरू झाली ती बारवी धरणाच्या वाटेवर. तिथल्या एका पाड्यावर जुना फणस आडवा झाल्याचं कळलं. काका, मी आणि लच्छूभाई टेम्पो घेऊन गेलो. झाड भाताच्या खाचराच्या बांधावर पडलेलं. काकांनी बुंध्याभोवती फेरी मारली, माझ्या हातात दगड दिला, "त्या टोकाला ठोक" म्हणाले, आणि स्वतः या टोकाला गुडघे टेकून दात लावले. मी ठोकतोय, ते चावतायत. ज्या मावशींचं झाड होतं, त्या घागर कमरेवर घेऊन बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"दादा," त्या मला हळूच म्हणाल्या, "यांना काय होतंय का? पानी देऊ का?"

"नाही मावशी, झाड बघतायत."

"डोल्यांनी बघत नाय?"

लाकूड सुकायला दीड वर्ष गेलं. फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं निघतं. काकांनी त्याला कोयरीचा आकार दिला, पाठीला फणसाच्या गऱ्यासारखा खोलगट बाक. माझ्या पोटाला तो असा बसला, की बायको म्हणाली, "मापं घ्यायला तुम्ही गेला होतात की पोट एकटंच गेलं होतं?" आता फक्त तारा चढवून मोजणी राहिली होती. आणि नेमके तेव्हा काकांचे ते दोन दात हलू लागले.

डॉक्टरबाईंनी महिनाभर प्रयत्न केले. मग स्पष्ट सांगितलं, काढावे लागतील.

मी त्या दिवशी दवाखान्यात सोबत होतो. माणसं दात काढताना दुखेल का विचारतात. काकांनी विचारलं, "मग मी ऐकू कशाने?"

दात काढले. कवळी करून दिली. काकांनी कवळीने बाकाचा बेस चावून पाहिला, मग खिडकीचा, मग काउंटरचा. कवळी काढून रुमालात ठेवली. "गादीवर बसून जमीन चाचपतोय," म्हणाले. दाढा लावून पाहिल्या, जबडा त्या कोनात जाईना. हनुवटीने सूर लागलेला कळे, पण तो कधी विझला ते कळेना. आणि काकांचा सगळा धंदा त्या विझण्यावर उभा होता.

डॉक्टरबाईंनी मग दुसरा उपाय सांगितला : हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात. हाड त्याला धरायला पाच-सहा महिने लागतील, आणि त्यातून खर्ज ऐकू येईल की नाही, हे त्यांना सांगता येणार नाही. पुस्तकात असल्या पेशंटबद्दल काही लिहिलेलं नाही.

काकांचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदा जिवंत झाला. "स्क्रू? कुठला थ्रेड?"

"म्हणजे?"

"आटे, बाई, आटे! दोन आट्यांमधला पिच किती?"

डॉक्टरबाईंना कंपनीच्या माणसाला फोन करावा लागला. नमुन्याचा स्क्रू आला तो काकांनी भिंगाखाली धरून दहा मिनिटं तपासला. "आटे स्वच्छ आहेत," म्हणाले. "डोकं मी वेगळं केलं असतं. पण बसवा."

स्क्रू बसले. पण वाट बघणं काकांना माहीतच नव्हतं. गाळा उघडायचा, हत्यारं पुसायची, बंद करायचा. जीन्सवाल्याला जागा हवीच होती. तो रोज चहा पाठवू लागला. उल्हासनगरात फुकटचा चहा आला की समजावं, काहीतरी जाणार आहे. एक दिवस काका मला म्हणाले, "किल्ली त्याला देऊन टाकतो."

"आणि माझा फणस?"

त्यांनी फणसाच्या मानेवरून अंगठा फिरवला. "तो तुझ्या कानांनी करू," म्हणाले. "तू मोजायचंस, मी लिहायचं. सगळी घरं पास झाली, तर हात अजून शाबूत आहे. दात येवोत न येवोत, दुसऱ्याच्या मोजणीवर काम करीन. एक जरी मेलं, तर हात गेला असं समजायचं आणि किल्ली द्यायची." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ओरडले, "लाकूड खोटं बोलत नाही. तूही बोलू नकोस."

मोजणी सुरू झाली. शेजारच्या मशीन दुपारच्या जेवणासाठी बंद असत तेवढ्या वेळात करायची. काका स्टुलावर, फणस त्यांच्या गुडघ्यांमध्ये, मी समोर बाकावर, कान माथ्याशी. ते छेडत, मी मोठ्याने मोजत, ते माझ्या ओठांकडे बघून कार्डावर लिहीत. जाड तार, सगळी घरं दहा. दुसरी, दहा. तिसरी, एका ठिकाणी अकरा! काकांनी अकराखाली रेघ मारली. रंग परत आला होता चेहऱ्यावर. शेजारून आलेला चहा त्यांनी पहिल्यांदाच परत पाठवला.

मग सगळ्यात पातळ तार. पहिली पाच घरं दहा. सहावं.

एक. दोन. तीन. चार.

मेला. दिवा फुंकावा तसा. मी ऐकलं, फणसाने सूर गिळला. काकांची नजर माझ्या ओठांवर, पेन्सिल कार्डावर टेकलेली.

आणि मंडळी, माझे ओठ थांबले नाहीत. "पाच," मी म्हटलं. "सहा. सात." शांततेत मी शांतता मोजत होतो. "आठ. नऊ. दहा."

काकांनी दहा लिहिलं.

पुढची सगळी घरं खरोखर दहा निघाली. काकांनी कार्डावर सही केली, फणस माझ्या हातात दिला आणि त्याच संध्याकाळी जीन्सवाल्याला ठणकावून सांगितलं, "गाळा मिळणार नाही." दुसऱ्या दिवशी पुढचं लाकूड तासायला घेतलं. मी मोठं सत्कार्य केल्याच्या थाटात घरी आलो. ऑर्केस्ट्रात फणस वाजवताना ते सहावं घर आलं की मी शेजारच्या तारेवरून वळसा घेई. चार महिने मी त्या घरावरून असा जात होतो, जसे आपण उधारी थकलेल्या वाण्याच्या दुकानावरून जातो. मंडळात माझ्या बेसचं कौतुक होई. "याच्यावर खळगे नाहीत," लच्छूभाई म्हणत, "बिना सही का चेक है." मी खो-खो हसे. जरा जास्तच.

हाडाने स्क्रू धरला. डॉक्टरबाईंनी दात बसवले, आणि एका पहिल्या रविवारी, गाळ्यात, सगळं मंडळ पट्टे काढून चादरीभोवती जमलं. पहिला चावा कुठल्या बेसचा? मी पटकन म्हटलं, "लच्छूभाईंचा! काउंटरचा!"

"नाही," काका म्हणाले. "फणसावर माझी सही राहिलीय."

स्टूल आलं. फणस गुडघ्यांत गेला. डॉक्टरबाई शेजारी उकिडव्या बसल्या, "हळू हं, हळू चावा," करत. काकूंनी पोह्यांचा डाव खाली ठेवला. काकांनी नवे दात माथ्यावर टेकले, डोळे मिटले आणि जाड तार छेडली.

काही हललं नाही. मग पायाचा अंगठा हलला.

दहापर्यंत गेला. कुणी टाळी वाजवली नाही. काका एकेक घर पुढे जात राहिले. दुसरी तार. तिसरी, अकराला गालात हसले. चौथी तार. एक, दोन, तीन, चार, पाच घरं. मी पँट दोन्ही हातांनी धरली होती.

सहावं. अंगठा चार वेळा हलला आणि थांबला.

पुन्हा छेडलं. चार. पुन्हा. चार.

दात निघाले. "दुखलं का?" डॉक्टरबाई घाबरून म्हणाल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. तपासनीस जसं कारागिराकडे बघतो, तसं.

"तू दहा मोजलेस."

"हो काका."

"चार आहेत."

"हो काका."

"माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. गाळ्यात शेजारच्या मशीनची सुईसुद्धा ऐकू आली असती, पण रविवार होता.

काकांचे ओठ थरथरले. मला वाटलं आता लाल फुली. आणि त्यांच्या त्या कोऱ्या करकरीत दातांमधून जे बाहेर पडलं, ते हसू होतं. "चार!" ते ओरडले. "अहो डॉक्टरबाई, चार! चारला मेला! मला मेलेला ऐकू आला!" ते उठले, डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले, काकूंना म्हणाले, "अगं, चारला मेला गं!" आणि काकूंनी, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मेला तर मेला, बरं झालं." लच्छूभाई नाचायला निघाले आणि पट्टा नसल्याचं त्यांच्या ऐनवेळी लक्षात आलं. जगात नासलेल्या वाद्याचं एवढं कौतुक कुठे झालं नसेल.

शेवटी काका माझ्यापाशी आले. कार्ड मागून घेतलं, सहाव्या घरातल्या दहावर आडवी रेघ मारली, चार लिहिलं आणि बाजूला सही केली.

"का मोजलंस?" यावेळी हळू विचारलं.

"किल्ली दिली असतीत तुम्ही."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "दिली असती," म्हणाले. मग माझ्या पाठीवर, हुंकार ऐकताना ठेवतात तसा तळहात ठेवला. "म्हटलं नव्हतं? मऊ आहेस." आणि लगेच ओरडून, "पण पुन्हा माझ्या गाळ्यात शांतता मोजलीस तर तंगडं तोडीन!"

आठवड्याभरात त्यांनी फणसाचा उपाय शोधला. मेलेली जागा कधी कधी माथ्याचं वजन वाढवलं की जिवंत होते. त्यांनी पितळेचा सुपारीएवढा ठोकळा बनवून घेतला, त्याला आटे पाडले आणि फणसाच्या माथ्यामागे स्क्रूने बसवला. सहावं घर दहा आकडे जगू लागलं. कुणाच्या कानांवर न विसंबता मोजले आहेत, काकांनी, दातांनी. ठोकळ्याच्या वर आता दोन बारीक खळगेही आहेत. जुन्या खळग्यांपेक्षा किंचित रुंद. लच्छूभाई म्हणतात, नवीन मालिकेतला पहिला नग, जपून ठेव.

पण ठोकळा काकांनी पक्का केलेला नाही. दर पहिल्या रविवारी सभा सुरू होण्याआधी ते खिशातून पेचकस काढतात आणि तो उतरवतात. नवे दात नीट ऐकतायत ना, याची तपासणी करायला त्यांना आता फणसाशिवाय दुसरं काही चालत नाही. स्टुलावर बसतात, दात टेकतात, सहावं घर छेडतात. आणि मला समोर उभं करतात, मोठ्याने मोजायला.

एक, मी म्हणतो. दोन. तीन. चार.

आणि तोंड मिटतो. काकांचा अंगठा थांबलेला असतो. ते ठोकळा परत बसवतात, आणि काकू पोहे वाढायला घेतात.